एकाची फॅट दुसऱ्याच्या खात्यावर: दूध संकलन सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

९ डिसेंबर २०२४

सकाळी साडेनऊला पन्हाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्यांच्याकडच्या एका सभासद मावशींच्या पावतीवर फॅट ७.२ आणि मोबाइलवरच्या एसएमएसमध्ये ५.६. लिटर तेच, सत्र तेच. मावशी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी फोन घेतला. “ताई, माझ्या म्हशीची फॅट मला ठाव हाय. पाच कवाच लागली न्हाई. तुमच्याकडंच काय तरी झालंय, बघा की.”

मला आधी मशीनचाच संशय आला. पण पावती संस्थेतच छापली जाते, म्हणजे तिथून निघताना आकडा बरोबर होता. बदलला तो आमच्या सर्व्हरवर. सर्व्हर सी भाषेतला, उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात लिहिलेला. दूध संघाच्या काही शे संस्थांकडून सभासदांच्या नोंदींच्या ओळी तो सकाळ-संध्याकाळ घेतो.

म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) धरून दर ठरतो आणि त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे पैसे बदलतात. दहा दिवसांचं बिल उद्या बंद होतंय. मावशींची नोंद आजच हाताने दुरुस्त करून घेतली. बाकीच्या नोंदींना कुणी हात लावू नये असं सगळ्यांना सांगितलं. पुरावा पुसला गेला तर काहीच सापडणार नाही.

१० डिसेंबर

दिवसभर लॉग वाचला.

संस्थेतून येणारी ओळ स्वल्पविरामांनी तोडलेली असते: संस्था, सभासद, सत्र, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ. सात रकाने. मावशींच्या नोंदीत पहिले पाच बरोबर आहेत, शेवटचे दोन चुकीचे. ५.६ आणि ८.८ ही जोडी त्याच सेकंदाला भुदरगड तालुक्यातल्या एका सभासदाच्या ओळीत सापडली. त्या ओळीवर सर्व्हरने “अपुरी ओळ” असा शेरा मारून ती परत पाठवली होती. संस्थेतल्या, ओळी पाठवणाऱ्या पेटीने ती पुन्हा पाठवली, दुसऱ्यांदा नीट नोंदली गेली. म्हणजे ज्यांचा आकडा चोरीला गेला त्यांचं काहीच बिघडलं नाही. ज्यांच्या खात्यावर तो पडला त्यांचं बिघडलं.

“अपुरी ओळ” हा शेरा आम्ही कित्येक महिने बघतोय. खेड्यातलं नेटवर्क, ओळ तुटली असेल, असं म्हणून सोडून देत आलो. आज त्या शेऱ्यांची यादी काढली. थंडी सुरू झाल्यापासून ती दाट होत गेली आहे. थंडीत म्हशीचं दूध वाढतं, ओळी वाढतात, एकाच सेकंदाला दोन ओळी येण्याचं प्रमाणही वाढतं. हे लक्षात आल्यावर जेवण गेलं नाही.

११ डिसेंबर

सापडलं. ओळ तोडण्यासाठी सी भाषेतलं स्ट्रटोक (strtok) हे तयार फंक्शन वापरलंय.

स्ट्रटोकला पहिल्यांदा ओळ द्यायची, नंतर प्रत्येक वेळी नुसतं नल (रिकामा पत्ता) द्यायचं. “मागे जिथे थांबलास तिथून पुढे” असा त्याचा अर्थ. कुठे थांबलो हे फंक्शन स्वतःजवळच्या एका स्टॅटिक पॉइंटरमध्ये, म्हणजे काम संपल्यावरही टिकणाऱ्या जागेच्या खुणेत, ठेवतं. आणि तो पॉइंटर अख्ख्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) मिळून एकच असतो. संस्थेत दोन काटे लावले, दोन रांगा केल्या, पण आकडा लिहायची पाटी एकच ठेवली तर जे होईल तेच इथे झालं.

आमच्या कोडमध्ये लिटर वाचून झालं की एक ओळ लॉगमध्ये लिहिली जाते. लॉगची फाइल एकच, तिला कुलूप आहे, त्यामुळे गर्दीत थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) तिथे थांबतात. मावशींचा थ्रेड पाच रकाने वाचून लॉगपाशी थांबला. तेवढ्यात भुदरगडच्या थ्रेडने स्वतःची ओळ स्ट्रटोकला दिली, पाच रकाने वाचले आणि तोही लॉगपाशी येऊन थांबला. स्टॅटिक पॉइंटर आता भुदरगडच्या ओळीत. मावशींचा थ्रेड सुटला, त्याने “पुढचं दे” म्हटलं आणि भुदरगडची फॅट घेतली, मग एसएनएफही घेतलं. मागून भुदरगडचा थ्रेड आला, त्याच्यासाठी काही उरलंच नव्हतं. अपुरी ओळ.

दोन रकान्यांची जोडी एकत्रच पळवली गेली म्हणून आमच्या तपासणीतूनही ती सुटली. ५.६ आणि ८.८ हे म्हशीच्या दुधाचे अगदी शोभणारे आकडे आहेत. सर्व्हर कोसळला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हे कोड मूळ ज्यांनी लिहिलं त्या दादांना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, “मी लिहिलं तेव्हा थ्रेड नव्हते. प्रत्येक जोडणीला फोर्क करत होतो.” बरोबर आहे. फोर्क केलं की प्रोसेसची नवी प्रत निघते आणि प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी, त्यामुळे स्टॅटिक पॉइंटरही ज्याचा त्याचा. वेग हवा म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही थ्रेड पूलवर (एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडच्या गटावर) आलो आणि तेव्हा कुणी ही फंक्शनं तपासली नाहीत. कोडची एकही ओळ न बदलता चांगलं फंक्शन धोक्याचं झालं. दादांची चूक नाही. थ्रेडवर नेणाऱ्या आमची आहे, त्यात मीही होते.

१२ डिसेंबर

दादांचं म्हणणं, स्ट्रटोकभोवती एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घालू. मी नको म्हटलं. कुलूप एकेका हाकेभोवती घालून उपयोग नाही. पहिल्या रकान्यापासून सातव्यापर्यंत ते धरून ठेवावं लागेल, लॉगचं लिहिणंही त्यातच येईल आणि सगळ्या संस्था पुन्हा एका रांगेत उभ्या राहतील. शिवाय आपण जोडलेल्या दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीने आतून स्ट्रटोक बोलावलं तर तिला आपलं कुलूप माहीत नाही.

युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी असलेल्या पॉझिक्सच्या १९९५ च्या थ्रेड मानकात यासाठीच “_आर” शेपटीची फंक्शनं आली. स्ट्रटोक_आर जागेची खूण स्वतःजवळ न ठेवता बोलावणाऱ्याने दिलेल्या पॉइंटरमध्ये ठेवतं. रीएंट्रंट म्हणजे हेच: एकाचं काम अर्धवट असताना दुसऱ्याने तेच फंक्शन सुरू केलं तरी पहिल्याचं बिघडत नाही, कारण फंक्शनने स्वतःजवळ काही राखून ठेवलेलंच नसतं.

तरी मी स्ट्रटोक_आर न घेता स्ट्रसेप घेतलं. कारण वेगळं आहे. स्ट्रटोक आणि स्ट्रटोक_आर दोघंही लागोपाठ आलेले स्वल्पविराम गिळून टाकतात. मशीनने फॅट दिलीच नाही, रकाना रिकामा आला, तर एसएनएफचा आकडा फॅटच्या जागी सरकतो. म्हशीला ९.० फॅट! स्ट्रसेप रिकामा रकाना रिकामाच देतं आणि खूण बोलावणाऱ्याकडेच ठेवतं. ते पॉझिक्समध्ये नाही, पण ग्लिबसी आणि मसल या लिनक्सवरच्या दोन्ही सी लायब्ररींत आहे. आम्हाला तेवढं पुरे.

रात्री उशिरा दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. एखादी ओळ तिसऱ्याच रकान्यात चुकीची निघाली तर आपलं फंक्शन तिथूनच परत फिरतं. ओळीचा बफर (तात्पुरती जागा) स्टॅकवरचा, म्हणजे फंक्शन संपलं की मोकळ्या होणाऱ्या मेमरीतला, तो सुटतो. पण स्टॅटिक पॉइंटर त्या सुटलेल्या जागेकडेच बोट दाखवत राहतो. आता मधेच अडकलेल्या दुसऱ्या थ्रेडने “पुढचं दे” म्हटलं की स्ट्रटोक त्या जागेत शिरतं आणि स्वल्पविराम सापडेल तिथे शून्य लिहितं. दुसऱ्याच्या स्टॅकमध्ये लिहिलं गेलं म्हणजे मेमरी बिघडली. आणि त्या जागेत काय आहे हे ओळ पाठवणाऱ्याच्या हातात आहे. मुद्दाम अर्धवट ओळींचा भडिमार करणारा माणूस दुसऱ्याच्या नोंदीत स्वतःचे आकडे घुसवू शकतो. इतके दिवस मी याला हिशेबातली चूक म्हणत होते. आजपासून सुरक्षेची चूक म्हणून नोंदवलंय. दोषांच्या सार्वजनिक यादीत या जातीला क्रमांकच आहे, सीडब्ल्यूई-६६३.

१६ डिसेंबर

आता उरलेली फंक्शनं. एनएम हे साधन चालवून आमच्या बायनरीत (संकलित प्रोग्राममध्ये) बाहेरून येणारी सगळी नावं काढली आणि एकेक तपासायला बसले. लोकलटाइम, सीटाइम, स्ट्रएरर, आयनेट_एनटोआ.

लोकलटाइम एकाच स्टॅटिक चौकटीत वेळ भरून तिचा पत्ता देतं. आमच्याकडे लॉगमध्ये सकाळच्या सत्राच्या चार ओळींवर आधीच्या संध्याकाळची वेळ दिसते, त्याचं मूळ हेच. उशिरा पाठवलेल्या जुन्या ओळीची वेळ एक थ्रेड फोडत असताना दुसऱ्याने ती चौकट वाचली. तपासाच्या वेळी लॉगच्या वेळेवर भरवसा ठेवता येत नाही, हाही धोकाच. लोकलटाइम_आर लावलं. त्याने टाइमझोन स्वतः वाचलाच पाहिजे असं मानक म्हणत नाही, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच एकदा टाइमझोन वाचणारं टीझेडसेट बोलावलं.

आयनेट_एनटोआ बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

दरपत्रक चढवण्यासाठी सर्व्हरवर वेगळा पोर्ट (जोडणीचं दार) आहे. तिथे कोण येऊ शकतं हे फक्त पत्त्यावरून ठरतं: आलेल्याचा आयपी पत्ता आयनेट_एनटोआने मजकुरात बदलायचा आणि परवानगीच्या यादीतल्या मजकुराशी ताडून बघायचा. तो मजकूर ज्या बफरमध्ये येतो तो स्टॅटिक. बाहेरच्याचा पत्ता मजकुरात आला, ताडून बघायच्या आत दुसऱ्या थ्रेडमध्ये परवानगी असलेल्याचा पत्ता त्याच बफरवर उमटला, की बाहेरचा माणूस आत.

माझ्या लॅपटॉपवर तास दीड तास प्रयत्न करूनही हे घडेना. मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मग कारण कळलं: लॅपटॉपवर ग्लिबसी आहे आणि ग्लिबसीने हा बफर प्रत्येक थ्रेडला वेगळा दिलाय. सर्व्हर मात्र ऑगस्टपासून अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) चालतो, तिथे मसल लायब्ररी. तिच्यात तो सरळ एक स्टॅटिक बफर आहे. दोघंही मानकाला धरूनच आहेत, कारण हे फंक्शन थ्रेडमध्ये सुरक्षित असेल असं वचन मानक देतच नाही.

ऑफिसातच अल्पाइनवर चाचणीचा सर्व्हर उभा केला. परवानगीच्या मशीनवरून सतत जोडण्या, यादीत नसलेल्या मशीनवरून सतत प्रयत्न. चाळीस मिनिटांत तीन वेळा दार उघडलं. दरपत्रक चढवायला एकदा पुरतं.

संध्याकाळी सरांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं काही विचारलं नाही, मग म्हणाले, “पोर्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. संघाला मी सांगतो.” सात वाजता पोर्ट बंद केला.

१७ डिसेंबर

पत्ता आता मजकुरात बदलतच नाही, चार बाइटचा आकडा आकड्याशी ताडतो. लॉगमध्ये लिहायला आयनेट_एनटॉप, स्वतःच्या बफरसह. नुसत्या पत्त्यावर कुणाला आत घ्यायचं नाही हेही ठरलं, किल्ली द्यावी लागेल. चुकीच्या क्रमांकाचा मजकूर देणाऱ्या स्ट्रएररला स्ट्रएरर_आर. त्याचे ग्लिबसीत दोन अवतार आहेत, एक पॉइंटर परत देतो, एक इंट (पूर्णांक); मसलमध्ये फक्त इंटवाला. आम्ही इंटवाला धरला.

१९ डिसेंबर

थ्रेडमधल्या चुका पकडणारा थ्रेडसॅनिटायझर लावून ग्लिबसीवर चाचणी. तो लायब्ररीच्या आत काय चाललंय ते नीट बघू शकत नाही, कारण लायब्ररी त्याच्या पद्धतीने संकलित केलेली नसते. त्यामुळे तो गप्प राहिला म्हणून निर्धास्त होता येत नाही. पण आमच्या कोडमध्ये त्याने जे पकडलं ते मला माझ्या डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं: रुपये-पैसे मजकुरात मांडणारं आमचंच छोटं फंक्शन, आत बत्तीस बाइटचा स्टॅटिक बफर, आणि तेच एसएमएसमध्ये वापरलेलं. म्हणजे एकाच्या बिलाची रक्कम दुसऱ्याच्या मोबाइलवर जाऊ शकत होती. कुणाचं किती बिल निघालं ही गावात नाजूक गोष्ट असते. कर्जाचा हप्ता, देणीघेणी, सगळं त्या आकड्याशी बांधलेलं. हे फंक्शन माझं आहे. दोन वर्षांपूर्वी घाईत लिहिलं होतं. आता बोलावणारा स्वतःचा बफर देतो.

२३ डिसेंबर

पहाटे सहाला सर्व्हर गोठला. कोसळला नाही, नुसता थांबला. संस्थांत दूध आलेलं, लोक रांगेत. पेट्यांनी ओळी स्वतःजवळ साठवल्या म्हणून काही हरवलं नाही.

डीबगर लावला. लॉगची फाइल बदलण्यासाठी रोज पहाटे एक सिग्नल पाठवतो. सिग्नल हँडलर (सिग्नल येताच चालू काम मधेच थांबवून धावणारं फंक्शन) लॉगमध्ये “फाइल बदलली” असं वेळेसह लिहितो, आणि वेळ काढायला लोकलटाइम_आर. तेच, मी १६ तारखेला मोठ्या विश्वासाने लावलेलं. सिग्नल आला तेव्हा तोच थ्रेड लोकलटाइम_आरच्या आत होता, टाइमझोनचं आतलं कुलूप धरून. हँडलर त्याच थ्रेडच्या डोक्यावर सुरू झाला, त्याने तेच कुलूप मागितलं. कुलूप धरणारा हँडलर संपायची वाट बघतोय, हँडलर कुलूप सुटायची. आधीचं लोकलटाइमही हेच कुलूप घेतं, म्हणजे हा धोका जुनाच होता, आज गाठ पडली एवढंच.

थ्रेडमध्ये चालणारं फंक्शन सिग्नलमध्येही चालेल असं मी गृहीत धरलं होतं. मेमरी मागून घेणारं मॅलॉकही तसंच: थ्रेडसाठी सुरक्षित, कारण आत कुलूप आहे, आणि सिग्नल हँडलरमध्ये धोक्याचं, त्याच कुलपामुळे. “_आर” शेपटी बघून मी पुढचं तपासलं नाही. सिग्नल हँडलरमध्ये चालणाऱ्या फंक्शनांची पॉझिक्सची वेगळी यादी आहे, त्यात राइट आहे, प्रिंटएफ नाही, मॅलॉक नाही, लोकलटाइम_आर नाही.

यातून नुसतं गोठणंच होतं असं नाही. १ जुलै २०२४ ला जाहीर झालेला, दूरच्या मशीनवर लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएचचा दोष, सीव्हीई-२०२४-६३८७, ज्याला रिग्रेशन (दुरुस्त केलेला दोष परत येणं) या शब्दावर बेतून regreSSHion असं नाव पडलं, तो याच जातीचा. लॉगिनसाठी दिलेली १२० सेकंदांची मुदत संपली की अलार्मचा सिग्नल येतो, त्याचा हँडलर लॉग लिहिणारं सिसलॉग बोलावतो, आणि ग्लिबसीत सिसलॉग आतून मॅलॉकपर्यंत पोचतं. मेमरीची मांडामांड अर्धवट असताना सिग्नल पडला तर ती मांडणी बिघडवता येते. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३२ बिटच्या लिनक्सवर यातून लॉगिन न करता रूट (मशीनचे सर्वाधिकार) मिळवून दाखवलं. सरासरी दहा हजार प्रयत्न, सहा ते आठ तास. आणि हा दोष नवा नव्हता: २००६ मध्ये दुरुस्त केलेला, नंतरच्या बदलात ती दुरुस्ती निघून गेली आणि ८.५पी१ पासून ९.८पी१ येईपर्यंत तो पुन्हा राहिला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र धक्का लागला नाही, कारण त्यांच्या हँडलरमध्ये सिसलॉग_आर होतं, सिग्नलमध्येही चालेल असं २००१ मध्येच बनवलेलं.

“असं हजारात एकदा घडेल” हे वाक्य मी आमच्या ऑफिसात खूप वेळा ऐकलंय, म्हटलंयही. रोज दोन वेळा काही हजार ओळी येतात तिथे हजारात एकदा म्हणजे रोज. आणि मुद्दाम करणाऱ्याला तर दहा हजार प्रयत्न म्हणजे एका रात्रीचं काम.

२६ डिसेंबर

हँडलर काढून टाकला. सुरुवातीलाच सगळ्या थ्रेडमध्ये सिग्नल रोखले, एक थ्रेड फक्त सिगवेटमध्ये (सिग्नलची वाट बघणाऱ्या फंक्शनमध्ये) बसून असतो. सिग्नल आला की तो साध्या कोडसारखा काम करतो, कुणाच्या मधे शिरत नाही. तीन दिवस दर सेकंदाला सिग्नल मारत चाचणी चालू ठेवलीय.

३० डिसेंबर

चाचणी नीट. मुख्य हेडर फाइलमध्ये, सिस्टिमच्या हेडरनंतर, जीसीसी या कंपायलरची, दिलेल्या नावांवर बंदी घालणारी पॉयझनची ओळ टाकली: स्ट्रटोक, लोकलटाइम, जीएमटाइम, सीटाइम, एएससीटाइम, आयनेट_एनटोआ, स्ट्रएरर. यापैकी काही कुणी वापरलं तर कोड संकलितच होणार नाही. दादांनी त्यात गेटपीडब्ल्यूनेम आणि गेटहोस्टबायनेमची भर घातली. क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनाची थ्रेडसाठी असुरक्षित फंक्शनं शोधणारी तपासणीही रोजच्या बिल्डमध्ये लावली.

४ जानेवारी २०२५

पन्हाळ्याच्या बाजूला तीन संस्था केल्या. पेट्यांत तीस दिवसांच्या ओळी असतात. “अपुरी ओळ” शेऱ्याच्या सेकंदाला ज्या नोंदी झाल्या त्या पेटीतल्या मूळ ओळींशी ताडल्या. त्याआधीच्यांसाठी लोकांकडच्या पावत्या. पावत्यांची शाई उडालेली, तरी लोकांनी डब्यात, पासबुकात, देवघरातल्या पोथीत जपून ठेवलेल्या निघाल्या. काही ठिकाणी नोंद सभासदाच्या फायद्याची झाली होती, ५.२ चं ७.० . तशांपैकी कुणाचा फोन कधीच आला नव्हता. ते पैसे परत मागायचे नाहीत असं संघाने ठरवलं, नुकसान मात्र भरून द्यायचं.

मावशी भेटल्या. डिसेंबरच्या सगळ्या पावत्या सुतळीत ओवून आणल्या होत्या. त्यांच्या आणखी दोन नोंदी चुकीच्या सापडल्या, त्या त्यांनाही माहीत नव्हत्या. मी सांगितल्यावर म्हणाल्या, “मग माझ्याआधी कुणीच इचारलं न्हाई व्हय?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

११ जानेवारी

१ ते १० च्या बिलात फरकाची रक्कम जमा झाली. ज्यांची पावतीही नाही आणि पेटीतली ओळही नाही अशा अकरा नोंदी उरल्यात. त्यांना त्या सभासदाच्या त्याच दहा दिवसांची सरासरी लावायची की सर्वांत जास्त फॅट, यावर संघाची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मी जास्त फॅटच्या बाजूने लेखी दिलंय.

एसएमएस पाठवणारी लायब्ररी बाहेरून विकत घेतलेली आहे, तिचं कोड आपल्याकडे नाही. पॉयझनची ओळ तिच्यापर्यंत पोचत नाही. एनएमने तिच्यात स्ट्रटोक आणि लोकलटाइम दोन्ही दिसतात. पुरवणाऱ्याला पत्र पाठवलं. तोपर्यंत तिला सर्व्हरमधून बाहेर काढून वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवलंय, प्रत्येक संदेशामागे एक फोर्क. दादांनीच लिहून दिलं, अर्ध्या तासात.